बोर्ड वाचणारे सर

आमच्या सरांबरोबर बाहेर जेवायला जायचं असलं, की मी घरून दोन पोळ्या खाऊन निघत असे. सर मेन्यू वाचायचे. तसा तो आपण सगळेच वाचतो. पण सर वरच्या कोपऱ्यातल्या हॉटेलच्या नावापासून सुरुवात करायचे आणि मागच्या पानावर बारीक अक्षरांत छापलेल्या, कशात दाणे आहेत आणि कशात अंडं आहे त्या यादीपर्यंत पोचायचे. मग मान वर करून म्हणायचे, "सूप घेऊ." ते सूपच घेणार हे वेटरला, सरांच्या बायकोला म्हणजे काकूंना आणि मला पहिल्या मिनिटापासून माहीत असायचं. एकदा मी न राहवून विचारलं, की सूपच घ्यायचं होतं तर एवढं वाचलंत कशाला? सर म्हणाले, "काहून? त्यांनी छापलं ते काय माझी भूक पाहून छापलं का? वाचावं म्हणून छापलं."

किलकेनीच्या ज्या हॉस्पिटलात मी मुलांच्या विभागात डॉक्टर होते, तिथे सर भूलतज्ज्ञ होते. ते नागपूरचे, मी पुण्याची. तेवीस वर्षं आयर्लंडमध्ये काढूनही त्यांच्या जिभेवरचं नागपूर जागचं हललं नव्हतं, आणि पहिल्याच भेटीत माझं नाव बाजूला ठेवून त्यांनी मला 'पुणेकर' करून टाकलं होतं. भूलतज्ज्ञ हा शब्द त्यांना फार आवडायचा. "पेशंटला भूल द्यायची आणि आपली भूल होऊ द्यायची नाही. एका शब्दात सगळी नोकरी आली बघ," असं ते प्रत्येक नव्या मराठी डॉक्टरला सांगायचे. त्यांना हसायला कुणी लागत नसे, ते स्वतःच हसून घ्यायचे.

थिएटरमध्ये ते औषधाची प्रत्येक बाटली तीनदा वाचत: कपाटातून काढताना, सिरिंजमध्ये भरताना आणि पेशंटला देताना. नियम तसाच आहे. पण बाकीचे तो नियम डोळ्यांनी पाळतात, सर तोंडाने पाळायचे. खणखणीत आवाजात, नाव, ताकद, मुदतीची तारीख. सर्जन हात धुऊन ताटकळत उभा असायचा. थिएटरची मुख्य नर्स म्हणायची, "युवर मॅन पोस्टाच्या तिकिटाची मागची बाजूपण वाचेल." 'युवर मॅन' म्हणजे इकडच्या बोलीत 'तो आपला अमका'. हे सरांच्या कानावर गेलं तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, की तिकिटाच्या मागे नुसता डिंक असतो, त्यांनी पाहिलेलं आहे.

या वाचनाचं मूळ त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही कॅन्टीनमध्ये, ताटलीतले उकडलेले बटाटे सोलता सोलता. नागपुरात शिकाऊ डॉक्टर असताना त्यांनी एका पेशंटसाठी भलतंच औषध सिरिंजमध्ये भरलं होतं. दोन बाटल्यांचं झाकण एकाच रंगाचं. शेजारच्या सिस्टरने बाटली उचलून वाचली आणि त्यांचा हात धरला. "तिनं वाचलं म्हणून तो वाचला," सर म्हणाले. "आणि मीही." एवढं बोलून त्यांनी माझ्या ताटलीतल्या दह्याच्या डब्याचं झाकण वाचायला घेतलं.

थिएटरबाहेर त्यांचा जीव बोर्डांवर. फोनमध्ये 'बोर्ड' नावाचा एक वेगळा संग्रह होता. त्यात रस्त्यावरचे, नदीकाठचे, कब्रस्तानाच्या फाटकावरचे, एका शेतकऱ्याने हाताने रंगवलेला 'बैल तापट आहे, मालकही' असा एक. नवीन ठिकाणी गाडी लावली, की सर इंजिन चालूच ठेवून खाली उतरत आणि बोर्डसमोर हात मागे बांधून उभे राहत. काकू तोवर गाडीत विणकाम काढत. काकूंनी असे चार स्वेटर पूर्ण केलेत म्हणे, नुसत्या पार्किंगमध्ये. इथले बोर्ड आयरिश आणि इंग्रजी अशा दोन भाषांत असतात, त्यामुळे सरांना थोडीशी आयरिशही आली होती. 'वाट द्या' या बोर्डावर आयरिशमध्ये 'गेल श्ली' लिहिलेलं असतं. माझ्याशी वाद रंगात आला आणि मी हरत चालले, की सर तळहात पुढे करून म्हणायचे, "गेल श्ली, पुणेकर." मी देत नसे.

आता माझ्या पाकिटाची गोष्ट सांगते, कारण सर मला खरे कळले ते त्यात.

माझी अक्कलदाढ दुखत होती. गावातल्या एका डेंटिस्टकडे गेले. दुकानांच्या मागे खाजगी पार्किंग होतं. पहिले दोन तास फुकट, मात्र दवाखान्यात ठेवलेल्या टॅबलेटवर गाडीचा नंबर टाकायचा. मी गाल हातात धरून नंबर टाकला, दाढ काढून घेतली, अर्धं तोंड बधिर घेऊन बाहेर आले, तर गाडीच्या वायपरखाली पिवळं पाकीट. आत पार्किंग सांभाळणाऱ्या कंपनीचा कागद: पार्किंग चार्ज नोटिस.

दुसऱ्या कुणाला त्या कागदाचा नुसता राग आला असता. माझे हातपाय गार पडले. कारण त्याच आठवड्यात मी आयरिश नागरिकत्वाचा अर्ज भरायला बसले होते. सात वर्षांत आम्ही पाच घरं बदलली होती: वॉटरफोर्ड, पोर्टलीश, पुन्हा वॉटरफोर्ड, अशी जिथे नोकरीचा वर्षाचा करार मिळेल तिथे. नागरिकत्व मिळालं की स्पेशालिस्ट होण्याच्या जागेसाठी माझा नंबर पुढे लागणार होता, आणि मग एका गावात, एका घरात राहता येणार होतं. मला दुसरं काही नको होतं. आणि त्या अर्जात एक प्रश्न होता, की तुमच्यावर कधी कुठला 'चार्ज' ठेवला गेला आहे का? आपल्याकडे चार्ज म्हटलं, की पुढे 'शीट' आपोआप लागतं. मी कागदाकडे पाहिलं आणि मला माझा फोटो पोलीस चौकीत दिसायला लागला.

नवरा म्हणाला, "पैसे भरून टाक आणि विसर." तो सॉफ्टवेअरवाला, त्याचे सगळे प्रश्न बंद करून चालू केले की सुटतात. थिएटरच्या नर्सने सल्ला दिला, "डब्यात टाक गं, यू विल बी ग्रँड." इथे पाऊस असो, हाड मोडलेलं असो, सगळं ग्रँड असतं. मी दोघांचंही ऐकलं नाही. मला शाळेत सातवीत जे शिकवलं होतं, ते मी केलं. विनंती अर्ज लिहिला.

विषय: पार्किंग चार्ज माफ करणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून, मी खाली सही करणार, अमुक दिवशी अमुक वाजता आपल्या पवित्र जागेत गाडी लावली होती. 'पवित्र' नव्हतं लिहिलं, पण सूर तोच होता. दाढेचं कारण दिलं. झाल्या गोष्टीबद्दल क्षमा मागितली. खाली 'सोबत' म्हणून पासपोर्टची, राहण्याच्या परवान्याची आणि हॉस्पिटलच्या ओळखपत्राची प्रत जोडली, आणि तिन्हींवर 'खरी प्रत' लिहून सह्या केल्या. सगळं इंग्रजीत, पण आत्मा जिल्हा परिषदेचा. ईमेल पाठवून मला फार हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला गाठलं. "काय करून राहिली पुणेकर? तोंड काहून असं?" मी दाढ, पाकीट, चार्ज, नागरिकत्वाचा फॉर्म असं सगळं सांगून मोठ्या अभिमानाने अर्ज दाखवला. सरांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग खुर्ची ओढून बसले.

"अर्ज सुंदर आहे," ते म्हणाले. "शुद्धलेखनाची एक चूक नाही. आता मला सांग, हा अर्ज मिळायच्या आधी त्या कंपनीला तुझ्याबद्दल काय माहीत होतं?"

"गाडीचा नंबर."

"हौ. फक्त नंबर. गाडी कोण चालवत होतं, कुठं राहतं, काही नाही. आणि आता त्यांच्याजवळ तुझा पासपोर्ट आहे. लग्न जमवायला देतो तशी कुंडली दिलीस तू त्यांना. गोत्र राहिलं फक्त."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि इतकं स्वच्छ मला कुणी सांगितलं नव्हतं. दंड सरकार करतं, म्हणजे इथले पोलीस, गार्डा, नाहीतर नगरपालिका. खाजगी जागेचा मालक दंड करू शकत नाही. तो बोर्ड लावतो, आपण गाडी लावतो, म्हणजे बोर्डावरच्या अटी आपण मान्य केल्या असं तो म्हणतो. त्या मोडल्या म्हणून तो पैसे मागतो. पटलं तर द्यायचे, नाही पटलं तर लेखी भांडायचं. "यात चार्ज म्हणजे शुल्क. तुझ्या फॉर्मातला चार्ज म्हणजे आरोप. शब्द एकच, पण एक दुकानातला आणि एक कोर्टातला. तू त्या प्रश्नाला 'हो' लिहायला निघाली होती ना?"

निघाले होते. 'हो'वर खूण करून झालीसुद्धा होती, फक्त पाठवायचं राहिलं होतं. मी ते कबूल केलं आणि मला रडू आलं. इतक्या दिवसांची धास्ती एकदम बाहेर आली. सरांनी खिशातून रुमाल काढला, सवयीने त्याच्या कोपऱ्यावरची धुण्याची सूचना वाचली आणि मग मला दिला.

"बोर्ड काय म्हणतो?" त्यांनी विचारलं.

"बोर्ड मी वाचला नाही, सर."

त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी एखाद्या पेशंटची नाडी न पाहता घरी गेले होते.

शनिवारी आम्ही तिथे गेलो: सर, काकू, मी आणि माझा नवरा. पाऊस होताच. बोर्ड एका झुडपाशेजारी होता. नवरा लगेच म्हणाला, की झुडपामुळे बोर्ड दिसत नाही असं लिहू. सरांनी त्याच्याकडे पाहिलं. "दिसून राहिला आहे. दिसतो तर दिसतो म्हणायचं." मग छत्री माझ्या हातात देऊन ते वाचायला लागले. मोठ्याने. जागा कुणाची, वेळ कोणती, नंबर अचूक टाकण्याची जबाबदारी गाडीवाल्याची. "इथं तुझं चुकलं असेल तर चुकलं," असं मधेच म्हणाले. ओळी खाली खाली बारीक होत गेल्या. शेवटी सर चक्क ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसले. पिशव्या घेऊन जाणारी एक बाई थांबली आणि काळजीने म्हणाली, "आर यू ऑल राइट, लव्ह? काही हरवलं का?"

"नाही, वाचतो आहे," सर इंग्रजीत म्हणाले.

"अह, ग्रँड," म्हणून ती गेली.

आणि तिथे, तळाला, ती ओळ होती. नंबर टाकताना चूक झाल्यास चौदा दिवसांच्या आत पुराव्यासह कळवल्यास विचार केला जाईल. सर उठले तेव्हा पँटचे दोन्ही गुडघे चिंब होते आणि चेहरा दिवाळीतला.

गाडीत बसून काकूंनी थर्मासमधला चहा ओतला. सरांनी विचारलं, की टॅबलेटवर नंबर टाकल्यावर दवाखान्याकडून फोनवर मेसेज आला असेल ना? आला होता. मी तो उघडलाही नव्हता. "वाच," सर म्हणाले. "शेवटपर्यंत."

मी वाचायला लागले. धन्यवाद, तुमची गाडी दोन वाजेपर्यंत नोंदवली आहे, गाडीचा क्रमांक... आणि मी थांबले. पुढे 'एमएच १२' असं होतं. बाबांची मारुती. जिच्यावर मी गाडी शिकले, जिचा नंबर कॉलेजपासून प्रत्येक फॉर्मवर भरला, आणि जी बाबांनी गेल्याच वर्षी विकली. विकायच्या दिवशी त्यांनी मला नंबर प्लेटचा फोटो पाठवला होता, बाकी काही न लिहिता. दाढेच्या कळा लागल्यावर माझ्या बोटांनी किलकेनीच्या टॅबलेटवर पुण्याची गाडी उभी केली होती.

आधी काकू हसल्या, मग नवरा, आणि सर तर असे हसले, की चहा त्यांच्या ओल्या गुडघ्यांवर सांडला. "दाढ काढायच्या आधीच अक्कल गेली होती हिची," ते म्हणाले. मीही हसत होते. हसता हसता बाबांनी पाठवलेला तो फोटो फोनमध्ये शोधत होते.

कंपनीला दुसरं पत्र सरांनी लिहिलं. चार ओळी. आपल्या टॅबलेटने त्या दिवशी भारतातल्या एका गाडीची नोंद घेतली आहे, मेसेज सोबत आहे. ही गाडी समुद्रमार्गे किलकेनीत आली नसल्याची खात्री आम्ही आधीच्या मालकाकडून करून घेतली आहे. चुकीचा नंबर टाकणारी व्यक्ती आणि गाडी लावणारी व्यक्ती एकच असून ती हे मान्य करते. आपल्या बोर्डाच्या शेवटच्या ओळीनुसार विचार व्हावा. ताजा कलम म्हणून त्यांनी बोर्डावरच्या नवव्या ओळीतली स्पेलिंगची चूकही कळवली. मी ती ओळ काढा म्हणून विनवण्या केल्या. त्यांनी काढली नाही.

बारा दिवसांनी उत्तर आलं. नोटिस रद्द. स्पेलिंगबद्दल आभार.

मी पेढे करून सरांकडे गेले. पेढ्यांचा डबा काकूंकडे देताना मी म्हटलं, की आता अर्ज पाठवायला हरकत नाही, पण माझाच पाय निघत नाही. ज्या बाईची बोटं अजून एमएच बारा लिहितात, तिने दुसऱ्या देशाचं नागरिक व्हायचं म्हणजे काय? हे मी नवऱ्याला बोलले नव्हते. तो म्हणाला असता, बंद करून चालू कर.

सर उठले आणि स्वयंपाकघरातल्या प्रेसकडे गेले. प्रेस म्हणजे इथे कपाट. त्यातून त्यांनी एक फाईल आणली. आत नागरिकत्वाचा अर्ज होता, सरांचा, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात पूर्ण भरलेला. त्याला शपथेचा कागद टाचलेला. सहीची जागा कोरी. खाली आणखी एक अर्ज, जुन्या नमुन्यातला, त्याखाली त्याहून जुना.

"अकरा वर्षं झाली," सर म्हणाले. "नमुना बदलला की नवा भरतो. सही नाही होत."

"का?"

"सगळं वाचलं ना. हे वाचलं, आणि आपला पासपोर्ट परत करायचा जो कागद असतो, तोही वाचला. एकावर सही केली की दुसऱ्यावर करावीच लागते." त्यांनी फाईल मिटली. "या गावानं मला काही कमी नाही केलं, पुणेकर. तरी नाही होत. तू एवढं वाचत बसू नको. तुला घर पाहिजे ना एका जागी? सही कर आणि पाठव."

दुसऱ्या कशाही बाबतीत कमी वाचायला सांगणारे सर मी पाहिले नव्हते. मी त्यांच्याच टेबलावर बसून 'हो'वरची खूण काढून 'नाही'वर केली आणि अर्ज पाठवला.

समारंभ वर्षभराने झाला, किलार्नीच्या एका मोठ्या हॉलमध्ये. सर आणि काकू पाहुणे म्हणून आले. पुढच्या महिन्यात ते कायमचे नागपूरला चालले होते, घरातलं निम्मं सामान बांधून झालं होतं. नागरिक होणारे आम्ही पुढे बसलो, पाहुणे मागे. व्यासपीठावरच्या न्यायाधीशांनी शपथ तुकड्या तुकड्याने सांगायला सुरुवात केली आणि आम्ही उभे राहून ती मागून म्हणू लागलो. दुसऱ्याच तुकड्याला माझा आवाज बसला. तोंड हलत होतं, शब्द येत नव्हते. तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला. खणखणीत, सावकाश, स्वल्पविरामाला थांबणारा. त्या आवाजाला धरून मी उरलेली शपथ पुरी केली.

बाहेर आल्यावर सर गाडी आणायला गेले. काकू हसत सांगत होत्या, की एक स्वयंसेविका धावत आली आणि यांना म्हणाली, पाहुण्यांना शपथ घ्यायची नसते, सर. तर यांनी हातातली कार्यक्रमपत्रिका दाखवली आणि म्हणाले, "मी घेत नाही, नुसती वाचून राहिलो. इथं छापलेली आहे." ती बिचारी 'ग्रँड' म्हणून निघून गेली.

मग काकूंचं हसू थांबलं. त्यांनी पर्स उघडली आणि आतलं चष्म्याचं घर मला दाखवलं.

"वाचायच्या चष्म्याशिवाय यांना मनगटावरचं घड्याळ नाही दिसत," त्या म्हणाल्या. "आणि चष्मा सकाळपासून इथं आहे."